आधी पाय, मग छाती

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मीरा रोडला पूनम सागरमध्ये माझा दवाखाना आहे. दाराशेजारच्या पाटीवर माझ्या नावाखाली तीन ओळी आहेत. एमबीबीएस आणि एमडी या पहिल्या दोन लोकांना कळतात. तिसरी ओळ आहे, 'फेलोशिप, बाल-हृदयरोग'. ती वाचून आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या एका आजोबांनी मला विचारलं होतं, "डॉक्टरीणबाई, ही फेलोशिप म्हणजे काय हो? रोटरी क्लबसारखं काही असतं का?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न रास्त होता. एमडी झालेली, दवाखाना थाटलेली बाई चौतिशीत पुन्हा विद्यार्थिनी होऊन दोन वर्षं परगावी कशाला जाते? आज त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करते. त्यासाठी मला माझीच एक चूक सांगावी लागणार आहे.

मी इथं दवाखाना उघडला तो २००५ साली. मीरा-भाईंदर तेव्हा भराभर वाढत होतं. मिठागरांच्या बाजूनं इमारती उठत होत्या. गिरगाव, परळ, दादरच्या खोल्या विकून माणसं इकडं दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये येत होती. नवी घरं म्हणजे नवे संसार, आणि नवे संसार म्हणजे नवी बाळं. लशी, जुलाब, कावीळ, पावसाळ्यातला खोकला. संध्याकाळी बाकावर बसायला जागा नसायची. आपल्याला काम येतं, असं मला मनापासून वाटत होतं.

२००६ च्या डिसेंबरात शेजारच्या इमारतीतलं एक जोडपं चार दिवसांचा मुलगा घेऊन आलं. वजन तीन किलोच्या वर, रंग गुलाबी, दूध व्यवस्थित पीत होता. डोळ्यांत थोडी पिवळी झाक होती, ती दाखवायला आले होते. मी छातीला स्टेथोस्कोप लावून नीट ऐकलं. कसलाही जादा आवाज नव्हता. "हृदय अगदी छान आहे," मी म्हणाले. हे वाक्य मी स्वतःहून म्हणाले होते, त्यांनी विचारलंही नव्हतं.

नवव्या दिवशी रात्री अकराला ते धावत आले. बाळ राखाडी पडलं होतं, श्वास भरभर चालला होता, हातपाय गार. मला वाटलं, रक्तात जंतुसंसर्ग झाला. त्या वयात असं दिसणारं बाळ बहुतेक वेळा त्याचंच असतं. प्रतिजैविकाचा डोस दिला, ऑक्सिजन लावला, रुग्णवाहिका बोलावली. दहिसर चेकनाका ओलांडून बाळ शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पोचलं तेव्हा दीड वाजला होता. तिथं लगेच इको झाला. महाधमनी, म्हणजे हृदयातून सगळ्या शरीराला रक्त नेणारी मुख्य नळी, एका जागी चिमटीत धरल्यासारखी अरुंद होती. उजाडायच्या आत बाळ गेलं.

सकाळी तिथल्या डॉक्टरांनी मला फोन केला. अतिशय सौजन्यानं बोलले. शेवटी त्यांनी विचारलं, "चौथ्या दिवशी जांघेतली नाडी बघितली होती का?"

मी बघितली नव्हती.

हे बाळ चौथ्या दिवशी गुलाबी आणि नवव्या दिवशी राखाडी का, ते थोडं समजावून सांगते. पोटातलं बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही, त्याला प्राणवायू वारेतून मिळतो. त्यामुळं फुप्फुसांकडे निघालेलं बरंचसं रक्त एका छोट्या नळीतून परस्पर महाधमनीत वळतं. या नळीला डॉक्टर 'डक्टस' म्हणतात. जन्मानंतर काही दिवसांत ती आपोआप बंद होते. नव्याण्णव घरांत तसंच व्हायला हवं असतं. पण ज्या बाळाची महाधमनी मुळातच अरुंद आहे, त्याच्या कमरेखालच्या शरीराला रक्त मिळतं ते या आडवाटेनंच. ती वाट उघडी आहे तोवर बाळ धडधाकट दिसतं, छातीत आवाजही नसू शकतो. वाट मिटली की काही तासांत सगळं कोसळतं. स्टेथोस्कोप गप्प राहतो, पण पायाची नाडी क्षीण होऊ लागलेली असते. बोटं ठेवली तर कळण्याची शक्यता असते. आणि ही नळी पुन्हा उघडणारं औषधही आहे, प्रोस्टाग्लँडिन. ते शिरेतून थेंबाथेंबानं द्यायचं, आणि निदान पक्कं व्हायची वाट न बघता द्यायचं. माझ्याकडे ना ते औषध होतं, ना तो संशय.

या 'डक्टस'चा आमच्या शाखेच्या जन्माशीच संबंध आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेलन टाउसिग नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाई होत्या. ओठ-नखं निळी पडलेल्या मुलांचा दवाखाना त्या चालवत. ऐन उमेदीत त्यांना कमी ऐकू येऊ लागलं, म्हणून छातीवर बोटं ठेवून हृदयाची थरथर वाचायला त्या शिकल्या. त्यांच्या लक्षात आलं की काही निळी मुलं ही नळी बंद झाल्यावरच जास्त निळी पडतात. मग अशी नळी मुद्दाम तयार केली तर? त्या आधी बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांच्याकडे गेल्या. ग्रॉस यांनी १९३८ मध्ये उघडी राहिलेली अशी नळी शस्त्रक्रियेनं बंद करून दाखवली होती. उघडण्यात त्यांना रस वाटला नाही. पुढं आल्फ्रेड ब्लॅलॉक या शल्यविशारदांनी ते मनावर घेतलं, आणि त्यांचे प्रयोगशाळेतले कृष्णवर्णीय साहाय्यक विवियन थॉमस यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून ती शस्त्रक्रिया बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका अशक्त मुलीवर ती झाली. थॉमस ब्लॅलॉक यांच्या मागं स्टुलावर उभे राहून सूचना देत होते. हातात कुठलीही वैद्यकीय पदवी नसलेला माणूस शल्यविशारदाला टाके सांगतोय, हे चित्र मला फार आवडतं.

मग जगभरातून तरुण डॉक्टर टाउसिगबाईंकडे शिकायला येऊ लागले. वर्ष-दोन वर्षं त्यांच्या मागं हिंडायचं, मुलं तपासायची, बोलणी खायची आणि आपल्या गावी परतून तसाच दवाखाना सुरू करायचा. फेलोशिप म्हणजे हेच, आजोबा! शिकवणाऱ्याच्या सोबतीनं काढलेली वर्षं. आपल्या डॉ. एस. पद्मावती त्यांच्याकडे शिकल्या आणि १९५०च्या दशकात दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी हृदयरोगाचा दवाखाना उभा केला. २०२० मध्ये, वयाच्या १०३ व्या वर्षी त्या गेल्या. अमेरिकेत १९६१ साली बालरोगशास्त्राची पहिली मान्यताप्राप्त उपशाखा ठरली ती मुलांच्या हृदयरोगाचीच. आपल्याकडे मात्र पुढं बराच काळ मुलांची हृदयं मोठ्यांचे हृदयरोगतज्ज्ञच बघत आले. त्यांनी बघितली म्हणून कितीतरी मुलं जगली, हे कृतज्ञतेनं सांगायला हवं. पण मोठ्यांच्या हृदयाच्या नळ्या बहुधा वयानं तुंबतात. मुलाच्या हृदयाची मुळात बांधणीच वेगळी झालेली असते. कुठं भिंत नाही, कुठं दार नाही, कुठं दोन नळ्यांची अदलाबदल. ते वाचायला वेगळी नजर लागते.

२००८ मध्ये परीक्षा आणि मुलाखत देऊन मला दक्षिणेतल्या एका मोठ्या रुग्णालयात दोन वर्षांची जागा मिळाली. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. यजमान आणि सासूबाई पूनम सागरमध्येच राहिले, दवाखान्याला कुलूप लागलं. विद्यावेतन होतं, पण घराचा हप्ता त्यात भागत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "जा तू. मी काय फक्त भाजी निवडायला आहे का इथं?" त्या नसत्या तर आज मी इथं बोलत नसते.

मला वाटलं होतं, गेल्या गेल्या इकोचं मशीन हातात मिळेल. आमच्या सरांनी पहिला महिनाभर मला त्याला हात लावू दिला नाही. रोज सकाळी वॉर्डात नेत आणि प्रत्येक बाळाच्या पायाशी उभं करत. आधी पाय गार की गरम, मग जांघेतली नाडी, मग उजव्या हाताची नाडी, दोन्ही एकदम धरून तुलना. मग यकृत किती खाली आलंय ते. स्टेथोस्कोप सगळ्यात शेवटी. "आधी पाय, मग छाती," एवढंच ते म्हणत. मी तिथं का आले, हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. कितीतरी दिवस त्या शब्दांनी माझ्या पोटात खड्डा पडायचा.

पुढं इको आला. तिथंही सुरुवात हृदयापासून नाहीच. प्रोब बाळाच्या पोटावर ठेवायचा, यकृत कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. मग वरचे दोन कप्पे, त्यांच्याखालचे दोन, मग कुठल्या कप्प्यातून कुठली धमनी निघते ते. एकेक पायरी मोठ्यानं म्हणायची. दिसलं तेवढंच म्हणायचं. 'बहुतेक' हा शब्द उच्चारला की सर पुन्हा पहिल्या पायरीवर नेत. शनिवारी दुपारी फॉर्मलिनमध्ये ठेवलेली हृदयं हातात घेऊन बघायची. लिंबापेक्षा थोडं मोठं हृदय, त्यात पेन्सिलीच्या टोकाएवढं भोक. पडद्यावर महिनोन् महिने जे कळत नव्हतं, ते त्या बोटांत धरलेल्या हृदयानं पाच मिनिटांत कळलं.

लोकांना वाटतं, या प्रशिक्षणातला मोठा भाग म्हणजे कॅथ लॅब: मांडीतल्या शिरेतून तार घालून, छत्रीसारखं उपकरण उघडून छिद्र बुजवायचं. ते शिकवतात, आणि ते चित्तथरारकही असतं. पण माझ्या आठवणीत राहिल्या त्या रात्रपाळ्या. एकदा सहा दिवसांची मुलगी आठ तासांचा प्रवास करून आली, जांभळी निळी. मी प्रोस्टाग्लँडिन सुरू केलं. अर्ध्या तासात रंग पालटू लागला. मी खुशीत फाइल लिहायला वळले, आणि मागून सिस्टर ओरडल्या, "डॉक्टर, श्वास!" या औषधानं बाळाचा श्वास थांबू शकतो, हे मला पाठ होतं. पण तो थांबलेला दिसला सिस्टरना. पंधरा वर्षं त्या युनिटमध्ये काढलेल्या बाई होत्या त्या. फुग्यानं श्वास देत राहिलो, बाळाला व्हेंटिलेटरवर घेतलं, सकाळी शस्त्रक्रिया झाली. त्या रात्रीपासून मी सिस्टरांच्या शेजारी खुर्ची ओढून बसायला लागले.

आणखी एक शिकायचं असतं, ते म्हणजे 'केव्हा'. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल तर प्रत्येक वेळी ऑपरेशन लागत नाही. लहान छिद्रं कित्येकदा आपोआप बुजतात, आणि तेव्हा काहीही न करणं हाच उपचार असतो. मोठ्या छिद्राला मात्र सहसा पहिल्या वर्षातच गाठावं लागतं. कारण फुप्फुसांवर सतत जादा रक्ताचा मारा होऊन तिथल्या रक्तवाहिन्या कडक होत जातात, आणि एका टप्प्यानंतर छिद्र बंद करणंच जिवावर बेततं. अकरा वर्षांची एक मुलगी आली होती. वडिलांनी शेत गहाण टाकून पैसे आणले होते. तपासण्या झाल्या आणि सरांनी मला सांगितलं, की आता ऑपरेशन करता येणार नाही, हे त्यांना तू सांग. मी सांगितलं. वडील म्हणाले, "पण पैसे आणलेत ना मी." हे मूल तान्हं असताना कुणीतरी 'मोठी झाली की बघू' असं म्हणालं होतं.

आई-बापांशी बोलायचं कसं, हेही सर शिकवत. कोऱ्या कागदावर चार खोल्यांचं घर काढायचं आणि कुठली भिंत नाही ते दाखवायचं. पण त्याआधी पहिलं वाक्य ठरलेलं: "यात आईचा काही दोष नाही." सुरुवातीला मला हे औपचारिक वाटायचं. मग लक्षात आलं, या वाक्यावर बाळाची आई एकदम मान वर करते. ग्रहणात भाजी चिरली, पपई खाल्ली, जिना चढली, काय काय तिच्या माथी मारलेलं असतं घरच्यांनी! आजही मी कागद पुढं ओढायच्या आधी तेच म्हणते. सासूबाई शेजारी बसलेल्या असतील तर जरा मोठ्यानं.

आता थोडं आजच्या स्थितीबद्दल. दर हजार बाळांत साधारण आठ-नऊ बाळांना जन्मजात हृदयदोष असतो. आपल्या देशात वर्षाला अशी दोन लाखांच्या आसपास मुलं जन्मतात, असा अंदाज दिला जातो. त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्शाला पहिल्या वर्षातच उपचार लागतात. शिकायच्या सोयी पूर्वीपेक्षा वाढल्या आहेत. दिल्लीच्या 'एम्स'मध्ये, कोचीच्या अमृता संस्थेत मुलांच्या हृदयरोगाची डीएम ही पदवी मिळते. नवी मुंबईत खारघरला २०१८ पासून श्री सत्यसाई संजीवनी रुग्णालय मुलांच्या हृदयावर विनामूल्य उपचार करतं, आणि त्याच्या नावातच 'प्रशिक्षण' हा शब्द आहे. पण 'फेलोशिप' हा शब्द फार सैल वापरला जातो, हेही सांगते. कुठं ती विद्यापीठाची असते, कुठं राष्ट्रीय मंडळाची, कुठं त्या रुग्णालयाचंच प्रमाणपत्र. कुठं दोन वर्षांची, कुठं काही महिन्यांची. पाटीवर सगळी सारखीच दिसतात. तेव्हा "किती वर्षं आणि कुठं शिकलात?" असं डॉक्टरला खुशाल विचारावं. मला कुणी विचारलं तर मी रागावत नाही.

खरी अडचण शिकून झाल्यावर येते. एकटा बाल-हृदयरोगतज्ज्ञ काही करू शकत नाही. त्याला मुलांचा हृदय-शल्यविशारद लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, त्या रात्रीच्या सिस्टरांसारख्या परिचारिका लागतात. असा सगळा संच मोठ्या शहरांतच जमतो. माझ्याबरोबर शिकलेल्यांपैकी काही परदेशी गेले, बाकीचे महानगरांत आहेत. आपल्या गावी कुणीच परतलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांनी जाऊन करायचं काय?

म्हणून मला वाटतं, दोन वर्षांचं पूर्ण शिक्षण मोजक्यांना मिळेल, पण त्यातला पहिला महिना सगळ्यांना मिळायला हवा. बालरोगतज्ज्ञांना, प्रसूतिगृहातल्या परिचारिकांना. नाडी बघायला मशीन लागत नाही. शिवाय जन्मानंतर चोवीस तासांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा: आकडा ९५ पेक्षा कमी असेल, किंवा हातापायांत तीनपेक्षा जास्त फरक असेल, तर पुन्हा तपासायचं आणि इको करायचा. अमेरिकेनं २०११ मध्ये ही तपासणी सर्व नवजात बाळांसाठी सुचवली. मीरा रोडच्या तीन-चार प्रसूतिगृहांत आम्ही ती बसवली आहे. तरी महाधमनीचं आकुंचन तिच्यातूनही निसटू शकतं, म्हणून बोटं हवीतच. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आमच्या शेजारच्या पालघरमधूनच झाली. त्यात मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार विनामूल्य होतात. पण बाळ आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं. आपल्याकडे बाळंतीण माहेरी जाते. बाळ मीरा रोडला जन्मतं आणि दहाव्या दिवशी रत्नागिरीच्या वाटेवर असतं. तेव्हा आयांनो, आज्यांनो, एवढं बघा: दूध पिताना कपाळावर घाम येतो का, दोन घोट पिऊन बाळ दमतं का, शांत झोपेतही धापा टाकतं का, वजन वाढत नाही का, ओठ-जीभ निळी दिसते का. यांतलं काही असेल तर 'बाळसं उतरलं' म्हणून थांबू नका.

मी २०१० मध्ये परत आले. पूनम सागरचा दवाखाना पुन्हा उघडला, काही दिवस शहरातल्या रुग्णालयात आणि दोन दिवस इथं, असं सुरू झालं. २०११ च्या पावसाळ्यात एक बाई आल्या, पाचवा महिना लागलेल्या, गर्भाचा इको करून घ्यायला. मी नाव वाचलं आणि ओळखलं. तो मुलगा गेल्यानंतर त्यांनी मूल होऊ दिलं नव्हतं. एका मुलाला असा दोष असेल तर पुढच्याला धोका थोडा वाढतो, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. माझ्याकडेच यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं की योगायोग, ते मी विचारलं नाही.

मी त्यांना म्हटलं, "ताई, तपासण्याआधी एक सांगायचंय. तेव्हा चौथ्या दिवशी मी बाळाच्या पायाची नाडी बघितली नव्हती. बघायला हवी होती."

त्या बराच वेळ गप्प होत्या. यजमान खाली बघत होते. मग त्या टेबलावर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आता नीट बघा."

पाऊण तास बघितलं. चारही कप्पे, दोन्ही धमन्या ठीक दिसत होत्या. पण गर्भावस्थेत महाधमनीचं आकुंचन 'नाहीच' असं छातीठोक सांगता येत नाही. नळी मिटल्यावरच खरं कळतं. तेही त्यांना सांगितलं. नोव्हेंबरात मुलगी झाली. माहेरी जायचं त्यांनी पंधरा दिवस पुढं ढकललं. चौथ्या दिवशी गेले, सातव्या दिवशी गेले, दहाव्या दिवशी गेले. त्यांच्या घरात पलंगावर दुपट्यात गुंडाळलेली ती झोपली होती. मी हात चोळून गरम केले, दुपटं पायाकडून सोडलं आणि दोन्ही जांघांत बोटं ठेवली. नाडी चांगली भरून लागत होती.